मनोरा नसलेली राजधानी : कानाझावा

जपानी किल्ल्यांची ओळख बहुधा तेन्शूवरून, म्हणजे किल्ल्यातील मुख्य बहुमजली मनोऱ्यावरून करून दिली जाते. पण जुन्या बांधणीचे असे मनोरे आज अवघे 12 उरले आहेत आणि पर्यटक ज्यांची छायाचित्रे काढतात त्यांतील कित्येक विसाव्या शतकातील काँक्रीटचे आहेत. कानाझावात यांपैकी काहीच नाही. तेथील मनोरा 1602 मध्ये वीज पडून जळाला, त्याच्या जागी बांधलेला तीन मजली बुरूजही 1759 च्या आगीत गेला आणि त्यानंतर कोणी तो उभारला नाही. तरीही जोकामाची, म्हणजे सरदाराने आपल्या किल्ल्याभोवती आखून वसवलेले नगर, प्रत्यक्षात कसे चालत असे हे समजून घेण्यासाठी हिमेजीच्या देखण्या मनोऱ्यापेक्षा कानाझावाच्या गल्ल्या अधिक उपयोगी पडतात.

या नगराचा पाया सरदाराने घातलेला नाही. 1488 मध्ये इक्को या बौद्ध पंथाच्या अनुयायांनी, ज्यांत शेतकरी मोठ्या संख्येने होते, कानाझावा ज्यात येते त्या कागा प्रांताच्या सुभेदाराचा पाडाव केला आणि पुढे सुमारे 90 वर्षे तेथे पंथीयांचाच अंमल राहिला. 1546 मध्ये त्यांनी उभारलेल्या तटबंदीयुक्त मठाच्या जागेवरच पुढचा किल्ला आला. 1580 मध्ये बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाच्या फौजांनी तो मठ घेतला आणि 1583 मध्ये सरदार माएदा तोशिइए तेथे दाखल झाला. माएदांच्या जहागिरीचा आकार पुढे दहा लाख कोकूंच्या वर गेला. कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका, ढोबळमानाने 150 किलो तांदूळ; शोगुनच्या घराण्याबाहेर एवढे उत्पन्न दुसऱ्या कोणत्याही सरदाराकडे नव्हते.

एवढी श्रीमंती धोक्याचीच होती. पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासूला माएदांच्या निष्ठेबद्दल शंका आली, तेव्हा तोशिइएची विधवा मात्सू हिने 1600 मध्ये स्वतः ओलीस म्हणून एदोला (आजच्या टोकियोला) जाऊन घराणे वाचवले आणि ती तेथे सुमारे 14 वर्षे राहिली. अशा संशयाच्या छायेत नवा मनोरा चढवण्यापेक्षा चहाची भांडी, नो नाट्य आणि लाखकाम यांवर पैसा ओतणे शहाणपणाचे होते, असा इतिहासकारांचा सर्वसाधारण अंदाज आहे, आणि तो पटण्यासारखा आहे.

नगराची आखणी मात्र पूर्णपणे लष्करी होती. साई आणि आसानो या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्याच्या टोकावर किल्ला, त्याला वेढणारे दुहेरी खंदक, नद्यांपलीकडे मंदिरांच्या रांगा आणि दर्जानुसार वाटून दिलेल्या सामुराईंच्या वस्त्या, असा तो पट होता. (तेरामाची या मंदिरांच्या वस्तीतील ज्या मंदिराला आज निंजांचे मंदिर म्हणतात, त्याचा निंजांशी काडीचाही संबंध नाही.) 1631 च्या मोठ्या आगीनंतर किल्ल्यात पाण्याची सोय हवी म्हणून 1632 मध्ये इताया हेइशिरो याने साई नदीच्या वरच्या पात्रातून सुमारे 11 किलोमीटर लांबीचा तात्सुमी कालवा आणला. शेवटच्या टप्प्यात वाटेत सखल भाग होता, तेव्हा पाणी बंद नळांतून खाली उतरवून पलीकडे त्याच्याच दाबाने पुन्हा वर चढवण्यात आले. हे नळ आधी लाकडी होते, पुढे दगडी बसवले गेले. नागामाची वस्तीत आजही एक जुना कालवा मातीच्या भिंतींच्या कडेने वाहतो आणि बर्फाच्या ओलाव्याने त्या भिंतींना तडे जाऊ नयेत म्हणून दर हिवाळ्यात त्यांवर पेंढ्याच्या चटया बांधल्या जातात.

कलांचे माहेरघर म्हणून कानाझावाचे कौतुक होते, ते रास्त आहे. मात्र माएदांच्या दरबारी कारखान्यांत घडणाऱ्या वस्तूंचे मोल अखेर करापोटी भात देणाऱ्या शेतकऱ्यांनीच चुकते केले, आणि सतराव्या शतकाच्या मध्यास वसुलीची जी नवी पद्धत लागू झाली तिने ही वसुली अधिक पक्की केली, हेही त्याच दमात सांगायला हवे. सोन्याचा वर्ख हे तर शोगुनच्या बंदीला बगल देऊन टिकलेले कसब आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून वर्ख ठोकण्याची मुभा एदो आणि क्योतोपुरती होती, तरी कानाझावात तो चोरून बनत राहिला. आज जपानमधील जवळपास सगळा वर्ख, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ, याच शहरात तयार होतो.

1871 मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्यावर किल्ल्यात आधी लष्कर आणि 1949 पासून विद्यापीठ नांदले. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ले न झाल्याने जुन्या वस्त्या वाचल्या, पण त्या पुढेही टिकल्या त्या केवळ नशिबाने नव्हे: 1968 मध्ये नगरपालिकेने पारंपरिक परिसराच्या जतनासाठी स्वतःचा नियम केला, देशात असे पाऊल उचलणाऱ्या पहिल्या शहरांपैकी हे एक. 1962 च्या पत्तेविषयक कायद्यानंतर पुसली गेलेली जुनी मोहल्ल्यांची नावेही येथे परत आणली जात आहेत. पहिले नाव 1999 मध्ये परतले, काझुए-माची, आणि ते तेथे वाडा असलेल्या माएदांच्या एका सरदाराच्या नावावरून पडलेले आहे.