बॅटरीला दोष देण्याआधी

मैत्रिणींनो, आंब्याच्या हंगामात मिठबावसारख्या गावात जुना टेम्पो म्हणजे घरातला कमावता माणूसच! पेट्या भरून रात्री फोंडा घाट चढताना दिवे मंदावले, तर माल अडकतोच, शिवाय घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. मग घाईने नवी बॅटरी आणली जाते. पण थांबा, आधी एवढे पाहा.

१. इंजिन बंद असतानाच, पदर खोचून, फॅनबेल्ट मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. फार सैल, भेगाळलेला किंवा गुळगुळीत बेल्ट घसरतो. गाडी सुरू करताच तो किंचाळतो, बरं का!

२. खाऱ्या वाऱ्याने बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर चढतो. आधी ऋण टोकाची तार सोडवावी. झाकणे घट्ट आहेत ना, हे पाहून खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने टोके पुसावीत, कोरडी करून व्हॅसलीन लावावे.

३. आता मीटर लावा. १२ व्होल्टची बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.४ हवा. वाढलाच नाही, तर दोष चार्जिंगचा. २४ व्होल्टच्या ट्रकला आकडे दुप्पट धरावेत.

चालू इंजिनात बॅटरीची तार काढून 'तपासू' देऊ नका. अल्टरनेटर जळू शकतो. चार्जिंगचा लाल दिवा लागून इंजिनही तापू लागले, तर गाडी तिथेच थांबवावी. बऱ्याच जुन्या गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरतो.

जेवणाच्या डब्याबरोबर एक जादा बेल्ट आणि पाना द्यायला विसरू नका. बॅटरीच्या मानाने त्याचा खर्च किरकोळच!