एआय बिनचूक इंग्रजी लिहितं, मग विद्यापीठात 'सिंटॅक्स' कशासाठी शिकायचा?

चॅटजीपीटीला इंग्रजीत अर्ज लिहायला सांगितला, तर काही सेकंदांत व्याकरणाच्या चुका नसलेला मजकूर समोर येतो. मग विद्यापीठात इंग्रजीचा सिंटॅक्स, म्हणजेच वाक्यविन्यास, शिकून उपयोग काय? खुद्द भाषाशास्त्रज्ञांमध्येही यावरून वाद सुरू आहे.

वाद नेमका काय आहे?

८ मार्च २०२३ रोजी नोम चॉम्स्की यांनी इयन रॉबर्ट्स आणि जेफ्री वाटमल यांच्यासह 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये चॅटजीपीटीवर टीका करणारा लेख लिहिला. माणूस शिकूच शकणार नाही अशा 'अशक्य' भाषाही ही यंत्रं तितक्याच सहज शिकतात, त्यामुळे मानवी भाषेबद्दल ती फारसं काही सांगू शकत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी बर्कलीतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे स्टीव्हन पियान्टाडोसी यांनी याच्या उलट मांडणी केली. आधीपासून नियम न भरताही ही मॉडेल्स व्याकरण शिकतात, म्हणजे चॉम्स्की यांचा सिद्धांतच डळमळतो, असं त्यांचं म्हणणं.

वर्गात काय शिकवतात?

शाळेतलं व्याकरण चूक-बरोबर सांगतं. सिंटॅक्सच्या वर्गात 'हे वाक्य बरोबर का वाटतं?' हे शोधतात.

'द बॉय हू इज टॉल इज हॅपी' हे वाक्य पाहा. त्यात दोन 'इज' आहेत. याचा प्रश्न करताना कोणता 'इज' पुढे न्यायचा? पहिला उचलला, तर वाक्य मोडतं. दुसरा उचलला, तर 'इज द बॉय हू इज टॉल हॅपी?' असा योग्य प्रश्न तयार होतो. म्हणजे हा नियम शब्दांच्या क्रमावर नाही, तर शब्दांचे गट एकमेकांत कसे गुंफले आहेत यावर चालतो. ही गुंफण दाखवण्यासाठी विद्यार्थी झाडासारख्या आकृत्या काढतात.

१९८७ मध्ये स्टीफन क्रेन आणि मिनेहारू नाकायामा यांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांकडून असे प्रश्न तयार करून घेतले. मुलांच्या इतर चुका झाल्या, पण नुसता पहिला 'इज' उचलण्याची चूक त्यांनी केली नाही.

यंत्राची परीक्षा कोण घेतं?

सिंटॅक्सचा अभ्यास इथेच कामी येतो. २०२० मध्ये आलेल्या 'ब्लिम्प' या चाचणीत ६७ गट आणि प्रत्येक गटात १,००० वाक्यजोड्या आहेत. जोडीतलं एक वाक्य बरोबर, दुसरं चुकीचं. मॉडेलला कोणतं जास्त संभाव्य वाटतं, हे तपासलं जातं. ही चाचणी सिंटॅक्सच्या अभ्यासातून पुढे आलेल्या प्रश्नांवरच उभी आहे.

२०२४ मध्ये ज्युली कॅलिनी आणि सहकाऱ्यांनी चॉम्स्की यांचा दावाच तपासला. शब्दक्रम विस्कटून किंवा शब्द मोजणारे नियम लावून त्यांनी 'अशक्य' भाषा तयार केल्या आणि त्या जीपीटी-२ मॉडेलला शिकवल्या. इंग्रजीच्या तुलनेत त्या शिकणं मॉडेलला जड गेलं. हा निष्कर्ष चॉम्स्की यांच्या विधानाच्या विरोधात जातो.

पण वाद इथेच मिटत नाही. मोठी मॉडेल्स अब्जावधी शब्दांवर शिकतात, मुलांना त्याच्या तुलनेत फारच कमी शब्द ऐकायला मिळतात. म्हणूनच २०२३ पासून 'बेबीएलएम' स्पर्धेत मॉडेलला जास्तीत जास्त १० कोटी शब्दच दिले जातात.

मराठीशी याचा संबंध काय?

इंग्रजीची चाचणी जशीच्या तशी मराठीला लावता येत नाही. 'सीताने आंबा खाल्ला', पण 'सीताने पोळी खाल्ली'. इथे क्रियापद कर्त्याप्रमाणे नाही, तर कर्माप्रमाणे बदलतं. 'मी आंबा खाल्ला' यात तर 'ने'सुद्धा दिसत नाही, तरी नियम तोच. 'सीताने पोळीला खाल्लं' म्हटलं की पुन्हा वेगळंच. यंत्राला हे समजलंय की त्याने नुसतं पाठ केलंय, हे ओळखायला असे बारकावे हेरून वाक्यजोड्या रचाव्या लागतात.

पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा हैदराबादचं इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ इथे भाषाविज्ञान शिकणारे हे काम करू शकतात. बिनचूक इंग्रजी लिहिण्यासाठी सिंटॅक्सची पदवी तेव्हाही लागत नव्हती, आताही लागत नाही. पण यंत्र मराठीत कुठे आणि का चुकतं हे सांगायचं असेल, तर वाक्य उकलता येणारा माणूसच लागतो.