किंमत ठरते, मग करार का नको?

एक छोटीशी परीक्षा घेऊ. तुमच्या कॉलेजच्या कबड्डी संघातल्या सात जणांची नावं सांगा बघू. बरं, सात राहू द्या, तीन सांगा. नाही आठवत? आता पुणेरी पलटणची सांगा. अस्लम इनामदार, पंकज मोहिते, अभिनेश नदराजन... पटापट आली ना!

लाजायचं कारण नाही. मीही याच परीक्षेत नापास झालेय. गेल्या वर्षी इंटर्न म्हणून आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची माझी पहिली बातमी लिहिली, तेव्हा जिंकलेल्या कॉलेजचं नाव मी तीनदा लिहिलं होतं. ज्याच्या चढायांवर सामना फिरला, त्याचं नाव एकदाही नाही. जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

भोसरी, मोशी, चऱ्होली, चाकण, खेड या आपल्या पट्ट्यात कबड्डी कुणाला शिकवावी लागत नाही. जत्रा आली की मैदान आखलं जातं, लाईट लागतात आणि पहिली पाळी करून आलेला माणूसही रात्री बारापर्यंत सामने बघत उभा राहतो. पण गेल्या दहा-बारा वर्षांत या खेळाला पैशाचा आकडा चिकटला. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा लिलावातला सर्वात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांचा. २०१९ मध्ये चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. २०२३ मध्ये पवन सेहरावत २ कोटी ६० लाख ५० हजारांवर गेला.

आणि खेळाडू संघ बदलतात तेही आपण डोळ्यांनी पाहिलंय. इराणचा मोहम्मदरझा शादलू २ कोटी ३५ लाखांना पलटणमध्ये आला आणि १ मार्च २०२४ रोजी पलटणने पहिल्यांदा लीग जिंकली. आपण नाचलो. पुढच्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला, आपल्याच बालेवाडीत, त्याने हरियाणासोबत पुन्हा चषक उचलला. पुढच्या वर्षी २ कोटी २३ लाखांना तो गुजरातचा झाला. कुणी त्याला गद्दार म्हटलं? नाही. तो व्यावसायिक आहे, त्याचा करार असतो, आकडा सगळ्यांना माहीत असतो. करार संपला की तो मोकळा.

आता याच बाजाराची खालची पायरी बघू. ती आपल्या कॉलेजात आहे आणि तिथे आकडाही दिसत नाही, करारही दिसत नाही.

माझा एक मित्र आहे. नाव लिहू नको म्हणाला, म्हणून लिहीत नाही. चाकणच्या पुढच्या एका गावातला. बारावीत असताना जत्रेच्या स्पर्धेत त्याने तीन सामने एकट्याने काढले आणि दुसऱ्याच आठवड्यात एका कॉलेजचे सर घरी आले. चहा झाला. सरांनी शब्द दिला : फी माफ, होस्टेल फुकट, बूट-किट आमचं, शिवाय महिन्याला खर्चाला थोडेफार. हजेरीची काळजी नको. आईने विचारलं, "काही लिहून देणार का?" सर हसले, "ताई, आपल्या घरचाच मुलगा आहे."

पहिल्या वर्षी सगळं मिळालं. दुसऱ्या वर्षी एका सामन्यात पकडीतून सुटताना गुडघा वळला. लिगामेंट गेलं. ऑपरेशनचा खर्च लाखाच्या पुढे होता, तो घरच्यांनी उभा केला. तिसऱ्या वर्षी कॉलेज उघडलं तेव्हा ऑफिसातून कळलं की फीमाफी "चालू खेळाडूं"साठी असते. होस्टेलची खोली नव्या चढाईपटूला दिली होती. दुसरीकडे प्रवेश घ्यावा म्हणून त्याने दाखला मागितला, तर आधी बाकी भरा, मग कागद न्या. हजेरीची काळजी नव्हती म्हणून दोन वर्षं वर्गात काय शिकवलं तेही माहीत नव्हतं. आज तो चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ट्रेनी आहे. आठ तास उभं राहायचं काम. त्याच गुडघ्यावर.

तुम्ही म्हणाल, एकाचं झालं म्हणून सगळ्यांचं होतं का? नसेल. खेळाडूला मुलासारखं जपणारे, स्वतःच्या खिशातून दूध-अंड्याचा खर्च करणारे सरही मी पाहिलेत. पण खेळाडूचं नशीब सर कोण मिळाले यावर अवलंबून असावं का, हा खरा प्रश्न आहे. भला माणूस बदलून गेला की त्याचा शब्दही त्याच्याबरोबर जातो. कागद मात्र फाईलमध्ये राहतो.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल, म्हणजे त्यांचा हाताने फेकायचा लांबट चेंडूचा खेळ, हा मोठा धंदा आहे. टीव्हीचे पैसे, लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम्स, कोट्यधीश कोच. खेळणाऱ्या पोरांना मात्र कित्येक दशकं शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायला मनाई होती. घेतलं तर बंदी. खेळाडू कोर्टात गेले, भांडले. जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमवता येऊ लागले. त्याच वर्षी एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायची अटही गेली. जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा होती एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे पावणेदोनशे कोटी रुपयांच्या आसपास.

आता तिथे उलटी ओरड आहे. पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात, निष्ठा उरली नाही, श्रीमंत कॉलेजं सगळे चांगले खेळाडू उचलतात. या तक्रारीत तथ्य आहे, आणि आपल्याकडेही ती लागू होते. बाहेरून तयार खेळाडू आणले की कॉलेजात शिकणारा, रोज सकाळी सहाला मैदानावर येणारा मुलगा राखीवच्या बाकावर बसतो. आणलेले खेळाडू परीक्षेपुरते कॉलेजात दिसतात. विद्यापीठाचा चषक कपाटात येतो, पण तो नक्की कोणत्या कॉलेजचा असतो?

तरीही मला वाटतं, पैशाला शिव्या घालणं हे यावर उत्तर नाही. पैसा येणारच, आणि यायलाच हवा. टाकळीभानसारख्या गावातून आलेला अस्लम इनामदार पुणेरी पलटणच्या युवा खेळाडूंच्या योजनेतून वर येतो आणि संघाचा कर्णधार म्हणून चषक उचलतो, हे पैसा आल्यावरच घडतं. "खेळ प्रेमाने खेळावा" हे वाक्य मला नेहमी अशाच लोकांकडून ऐकू येतं, ज्यांना खेळातून मोठेपणा मिळतो पण ज्यांचा गुडघा पणाला लागलेला नसतो.

मग हवं काय? एक पान. फक्त एक पान. कॉलेज एखाद्या मुलाला किंवा मुलीला खेळावर प्रवेश देतं, तेव्हा त्या पानावर पाच गोष्टी लिहाव्यात. फीमाफी किती वर्षांची : पदवी पूर्ण होईपर्यंत की फक्त संघात असेपर्यंत? कॉलेजकडून खेळताना दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार आणि विमा कुणी काढलाय? सामन्यांमुळे बुडालेल्या तासांची भरपाई कशी होणार? महिन्याला काही देणार असाल तर किती? आणि कॉलेज सोडायचं ठरलं तर कागद किती दिवसांत हातात मिळणार? या शेवटच्या मुद्द्यावर तर वादच नको. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलंय.

"असं लिहून द्यायला लागलो तर कॉलेजं खेळाडू घेणंच बंद करतील," असं मला एका सरांनी सांगितलं. करतील का खरंच? चषक हवा, माहितीपत्रकावर फोटो हवा, नॅकच्या अहवालात क्रीडा-कामगिरीचा रकाना भरायला हवा. ही सगळी गरज कॉलेजची आहे. आणि जे कॉलेज एक पान लिहायलाही तयार नाही, त्याचा तोंडी शब्द किती टिकणार होता?

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही खेळाडू असाल तर सही करण्याआधी विचारा, आईबाबांना सोबत न्या, आणि "घरचाच मुलगा" ऐकलं तरी कागद मागा. घरात भावाभावांच्याही वाटण्या कागदावरच होतात, हे एमआयडीसीत जमिनी गेलेल्या आपल्या गावांना वेगळं सांगायला नको. तुम्ही खेळाडू नसाल तर विद्यार्थी प्रतिनिधीला हा प्रश्न विचारायला लावा. वर्गात शेवटच्या बाकावर अधूनमधून दिसणारा, पायाला पट्टी बांधलेला मुलगा असेल तर त्याला नोट्स द्या. आणि त्याचं नाव विचारा.

परवा मित्राचा फोन आला होता. गावच्या जत्रेत यंदा तो पंच म्हणून उभा राहणार आहे. "शिट्टी वाजवायला गुडघा लागत नाही," म्हणाला आणि हसला. मी सामन्यांची बातमी करायला जाणार आहे. या वेळी सातही नावं लिहीन.