जकात गेली, जबाबदारी राहिली

नगराच्या वेशीवरील जकात नाका हे अनेक दशके महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांच्या संतापाचे कारण होते. मालमोटारींच्या रांगा, पावत्यांची तपासणी आणि तिच्या आडून चालणारी चिरीमिरी यांनी व्यापारी त्रस्त झाला होता. १९९९ साली नगरपालिका क्षेत्रातील जकात रद्द झाली. २०१० पासून महापालिकांत टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला आणि २०१३ मध्ये त्याविरुद्ध बाजारपेठा बंद राहिल्या. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकातही इतिहासजमा झाली.

व्यापाऱ्यांचा हा लढा रास्त होता. मात्र या विजयाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. जकातीचा पैसा थेट नगराच्या तिजोरीत जमा होत असे. बाजारपेठ भरभराटीस आली की महापालिकेचे उत्पन्न वाढे. बाजारपेठ रोडावली की त्याची झळ महापालिकेलाही लागे. आता त्या जागी राज्य शासनाकडून भरपाईचे अनुदान येते. परिणामी कारभाऱ्यांची दृष्टी बाजारपेठेकडून मंत्रालयाकडे वळली. कर देणारा आणि खर्च करणारा यांच्यातील नाते सैल झाले, की हिशेब विचारण्याची सवयही सुटते.

वास्तविक नगर घडविणाऱ्या व्यापाऱ्यांची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. जगन्नाथ शंकरशेट हे मुंबईतील धनाढ्य व्यापारी. परंतु ते स्मरणात राहिले ते संपत्तीमुळे नव्हे. १८५२ साली बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला, शिक्षणसंस्थांना आधार दिला, रेल्वे कंपनीच्या संचालक मंडळात स्थान मिळविले आणि १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ते सदस्य झाले. पेढीवर कमावलेली प्रतिष्ठा त्यांनी नगराच्या कामी लावली.

आज महापालिकेत उद्योजक दिसतो तो बहुधा ठेकेदार म्हणून किंवा परवानगीसाठी खेटे घालणारा अर्जदार म्हणून. महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असणाऱ्यास नगरसेवकपदासाठी कायद्याने अपात्र ठरविले आहे. ही तरतूद उचितच आहे. परंतु ठेका आप्तांच्या नावे घेतला, की कायद्याचे शब्द पाळले जातात आणि हेतू मात्र धुळीस मिळतो.

तज्ज्ञांकडे कारभार सोपवावा, हाही पर्याय पुरेसा नाही. १९९९ साली कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली बंगळूरसाठी एक कार्यगट नेमला. मालमत्ता कराचे स्वयंमूल्यांकन आणि हिशेबपद्धतीतील सुधारणा यांत त्याने मोलाचे काम केले. परंतु तो निर्वाचित नव्हता. २००४ साली सरकार बदलले आणि कार्यगट मागे पडला. लोकांचा कौल पाठीशी नसलेली सुधारणा सत्तेच्या मर्जीवरच जगते.

म्हणून मार्ग लोकशाहीच्या चौकटीतूनच काढावा लागेल. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन हा विषय नगरसंस्थांकडे सोपविता येईल अशी तरतूद केली. नगर प्रशासनाचे विशेष ज्ञान असणाऱ्यांना मताधिकाराविना का होईना, सभागृहात नियुक्त करण्याची सोयही केली. या जागा पराभूत उमेदवारांच्या पुनर्वसनासाठी नाहीत, हे राजकीय पक्षांना ठणकावून सांगण्याचे काम व्यापारी संघटनांनी करावयास हवे. दरवर्षी अर्थसंकल्प आला की त्यातील प्रस्तावित रकमा आणि प्रत्यक्ष खर्च यांची तुलना जनतेपुढे मांडावी. ताळेबंद वाचण्याचे हे कौशल्य व्यापाऱ्याइतके अन्य कोणाजवळ आहे?

करासाठी बाजारपेठा बंद ठेवण्याची एकजूट व्यापाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविली. तीच एकजूट रस्ते, पाणी आणि मंडईच्या हिशेबासाठी दिसली, तर जकात नाक्याच्या जाचातून मुक्त झालेला व्यापारी खऱ्या अर्थाने नगराचा विश्वस्त ठरेल.