आळवीचे कोष, बीडची तुती

विनयपिटकात एक प्रसंग आहे. षड्वर्गीय भिक्खू आळवी येथील रेशीम करणाऱ्यांकडे गेले आणि आसनासाठी कोष उकळून रेशीम मागू लागले. कारागीर व्यथित झाले. पोटासाठी, बायकामुलांसाठी आम्ही इतके जीव मारतो हे आमचेच दुर्दैव; श्रमणांनी तरी असे का करावे? तक्रार तथागतांपर्यंत गेली आणि रेशीममिश्रित आसनाला मनाई झाली. नियम भिक्खूंना लागू झाला, कारागिरांना नव्हे, ही बाब इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला फार महत्त्वाची वाटते.

आज बीड जिल्ह्यात तुतीची लागवड पसरली आहे. एका कोषात सुमारे एक हजार मीटर अखंड धागा असतो. तो मिळवायचा तर आतील जीव पतंग होण्याआधीच मारावा लागतो. ज्या घरातील कोयता तुतीमुळे खाली ठेवला गेला, त्या घराला मी दोष देणार नाही. परंतु "सर, पंचशील आणि रेशीम एकत्र कसे?" असे एका विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा मी निरुत्तर झालो.

उत्तराची एक वाट रसायनशास्त्रातून जाते. रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनात ताठ, स्फटिकासारखे सूक्ष्म भाग असून मऊ साखळ्यांनी ते जोडलेले असतात; म्हणून धागा मऊ असूनही चिवट. माणूस हीच युक्ती शिकतो आहे. जपानच्या होक्काइडो विद्यापीठात जियान पिंग गाँग यांनी २००३ साली दोन जाळ्यांचा जेल जगापुढे मांडला. त्यात बहुतांश पाणीच, तरी तो सहजी फाटत नाही. ताण आला की ताठ जाळे जागोजागी तुटून तो ताण स्वतः सोसते आणि लवचीक जाळे पदार्थ एकसंध ठेवते. कोळ्याच्या रेशमाचे प्रथिन तर आता जिवाणूंकडून करवून घेता येते. तिथे काहीच उकळावे लागत नाही.

मात्र १८९७ साली जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहारमधील निळीची शेती ओसरली, हे मी विसरू शकत नाही. उद्या कारखान्याचा धागा स्वस्त झाला तर किडा वाचेल, तुतीवाल्याचे काय? यंत्राला दोष देणाऱ्यांना बाबासाहेबांनी बजावले होते की दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मोजक्यांच्या हाती ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. तेव्हा आमची मुले केवळ पाला तोडणाऱ्यांच्या रांगेत राहणार, की तो जेल घडवणाऱ्यांच्याही, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. निवासी शाळेत इतिहास शिकवणाऱ्याने रसायनात नाक खुपसू नये, असे काही सहकारी म्हणतील. म्हणोत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच फायब्रॉइनवर, शस्त्रक्रियेत उपयोगी पडावे म्हणून, संशोधन झाले आहे. शाळेची पुढची सहल तिकडे न्यावी, असा प्रस्ताव मी व्यवस्थापनापुढे ठेवीत आहे. प्रश्न विचारणारी ती मुलगी त्या गाडीत पहिल्या बाकावर असावी.