पाण्यात घालायचा गॉगल

'गॉगल' या शब्दाने आमची पहिली फजिती उल्हासनगरात झाली. पुतणीने बजावून सांगितले होते, "काका, येताना पोहायचा गॉगल आणा हं माझ्यासाठी." आम्ही बाजारात जाऊन दुकानदारापुढे शेवटचा शब्द तेवढा उच्चारला आणि त्याने काउंटरवर काळ्या चष्म्यांची रांग लावली. एक तर आमच्या नाकावर चढवून "एकदम हिरो, साहेब!" असा अभिप्रायही देऊन टाकला. मराठीत गॉगल म्हणजे ऊन लागू नये म्हणून, किंवा डोळे आले असता ते लोकांना दिसू नयेत म्हणून घालायची वस्तू. पाण्यात घालायच्या वस्तूला आपल्याकडे निराळे नावच नाही. असेल कसे? आमची पिढी बदलापुरात उल्हास नदीत पोहायला शिकली ती पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पाण्याखाली काय आहे हे पाहण्याची कोणाला गरजच वाटली नाही. गुडघ्याला लागला की कळे, खडक आहे!

अखेर तिसऱ्या दुकानात हवी ती वस्तू मिळाली. निळ्या काचा, लखलखीत डबी, किंमत दीडशे रुपये. उल्हासनगरच्या मालावरील 'यू.एस.ए.' या तीन अक्षरांचा विनोद वाचकांनी इतक्यांदा ऐकला असेल, की तो आम्ही पुन्हा सांगत नाही. आणि खरे सांगायचे तर दोष मालाचा नव्हताच, आमचा होता. ज्या चेहऱ्यासाठी तो घ्यायचा, तो चेहरा आम्ही बरोबर नेला नव्हता.

चपलेसारखेच हे प्रकरण आहे. कोणाच्या डोळ्यांच्या खोबणी खोल, कोणाच्या उथळ. कोणाचे नाक रुंद, कोणाचे धारदार. दुकानात पट्टा डोक्यामागे न लावता गॉगल नुसता डोळ्यांवर हलकेच दाबावा आणि हात काढून घ्यावा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर तो तुमचा. तत्काळ खाली पडला तर कितीही नामांकित कंपनीचा असो, पुन्हा डबीत ठेवून द्यावा. पाणी शिरते म्हणून पट्टा आवळत जाणे हा उपाय नव्हे. जास्त आवळला की सिलिकॉनची मऊ कड दुमडते आणि पाणी उलट अधिकच शिरते. आमच्या पुतणीने महिनाभर तेच केले. डोळ्यांभोवती अशी काळी-निळी वर्तुळे उठली, की बदलापूर लोकलमध्ये एका अनोळखी बाईंनी "बरं नाही का गं तुला?" म्हणत तिला आपली जागा दिली. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये बसायला जागा! त्या गॉगलचा एवढा एक उपयोग मात्र झाला.

पण पाण्यात गॉगल लागतोच कशाला? डोळ्यात प्रकाश वळवण्याचे दोनतृतीयांश काम बाहेरचे पारदर्शक पटल करते, आणि तेही हवेतून प्रकाश येतो म्हणून. पाणी आणि पटल यांची प्रकाश वळवण्याची शक्ती जवळजवळ सारखी असल्यामुळे, डोळा पाण्यात उघडला की पटलाचे काम बंद पडते आणि सारे धूसर दिसते. गॉगल डोळ्यापुढे चमचाभर हवा धरून ठेवतो, बस्स. एवढ्या हवेसाठी माणसांनी काय काय केले! १९२६ साली गर्ट्रूड एडर्ली ही इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली स्त्री ठरली, तेव्हा तिच्या गॉगलच्या कडा मेणाने बंद केलेल्या होत्या.

आता मुख्य हकीकत. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्यांत पुतणीने नाव घातले. तिचे खरे लक्ष गोव्याकडे आहे. २०१९ पासून पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ती तिहेरी शर्यत सुरू झाली ना, १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, तिच्याकडे. मालवण ही रंगीत तालीम. आम्ही दोघे ठाण्याहून रात्रीच्या कोकणकन्येने निघालो. डोळ्यांवर तलावातला तोच गॉगल: लहान काचा, पट्टा टोपीच्या वर.

सुरुवातीच्या गर्दीत कोणाचा तरी पाय लागला आणि डाव्या डोळ्यात पाणी शिरले. तरी जाताना ठीक होते, कारण चिवला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे आणि सकाळचा सूर्य पाठीशी. परतताना तोच सूर्य थेट डोळ्यांवर, पाण्यावर चांदीचा पत्रा पसरल्यासारखी चकाकी, आणि मुलीचा नंबर उणे चार! नांगरलेल्या एका होडीला ती खुणेचा फुगा समजली आणि तिकडेच पोहत सुटली. देखरेखीच्या होडीतल्या मुलाने शिट्टी मारली नसती तर... वाळूवर येऊन बसली तेव्हा तिचे दात वाजत होते, ते थंडीने नव्हे. "काका, मला काहीच दिसत नव्हतं हो," एवढेच म्हणाली. आम्ही तिच्या आईला हे अजून सांगितलेले नाही. या अंकातून कळेल.

तलावात तळावरची काळी रेघ पाहून पोहता येते. समुद्रात रेघ कोण आखणार? तिथे दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे डोळे तेवढे पाण्याबाहेर काढून दिशा पाहावी लागते. म्हणून उघड्या पाण्याचा गॉगल रुंद काचांचा, बाजूचेही दिसेल असा हवा. रंग निवडताना, शर्यतीच्या वेळी सूर्य कोणत्या बाजूला असेल हा प्रश्न आधी विचारावा. लख्ख उन्हाला आरशासारख्या किंवा गडद काचा. पाण्यावरची चकाकी फार सोसत नसेल तर पोलराइज्ड. पहाटे, ढगाळ हवेत आणि बंदिस्त तलावात मात्र पांढऱ्या किंवा फिकट नारिंगी. पट्टा टोपीखाली घालावा, म्हणजे लाथ बसली तरी गॉगल समुद्रार्पण होत नाही. आणि शर्यतीला नवा कोरा गॉगल नेऊ नये, आठ-दहा वेळा वापरलेला न्यावा.

नंबरचे गॉगल तयार मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या फरकाने. सिलिंडर नंबर असेल तर जवळचा कोणता चालेल ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावे. "कॉन्टॅक्ट लेन्सवर भागवते," असे पुतणी म्हणाली होती, ते डॉक्टरांनी साफ मोडून काढले. पाण्यातले सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकून पटलाला जखम करतात, दृष्टीही जाऊ शकते.

काचेवर वाफ धरते ती पावसाळ्यात लोकलच्या बंद खिडकीवर धरते तशीच: आत उबदार ओली हवा, बाहेर थंड काच. आतून एक लेप दिलेला असतो, तो बोटाने पुसू नये. आमच्या घरी सर्वांनी आळीपाळीने पुसला, म्हणून दोन महिन्यांत संपला. गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवावा.

राहता राहिला सरावाचा प्रश्न. आमच्या दाराशी नदी आहे, पण तिच्यात उतर असे पुतणीला सांगण्याची आमची छाती नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीकडे तर पाहवत नाही. खाली उल्हासच्या पात्रात सांडपाणी आणि जलपर्णी. चिखलोली आणि बारवी ही धरणे पिण्याच्या पाण्याची, तिथे पोहू नये हे उघडच. कोंडेश्वराच्या डोहांत पावसाळ्यात बुडालेल्यांच्या बातम्या आपण वाचतोच. जुलै २०१९ मध्ये याच उल्हासने महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ वेढली होती. या पाण्यावर कोणत्याही रंगाची काच उपयोगी नाही. म्हणून पुतणी तलावातच दर सहा हातांनी डोळे वर काढून भिंतीवरचे घड्याळ पाहते आणि महिन्यातून एकदा जाणत्यांच्या गटाबरोबर समुद्रावर जाते.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा मालवण. या खेपेस उणे चारचा, रुंद काचांचा, स्वतः दुकानात जाऊन डोळ्यांवर चिकटवून पाहिलेला गॉगल आहे. आमच्याकडे एकच काम: किनाऱ्यावर उभे राहायचे, आणि खिशात तिचा नेहमीचा चष्मा सांभाळायचा.