ऋण, धन आणि स्नेह

संस्कृतांत 'स्नेह' म्हणजे तेल-तूपही आणि मायाही. ऋण व धन हे शब्द तर प्रत्येक संसारी माणसाच्या ओळखीचे. ह्या तीन शब्दांच्या आधारें आजच्या वैद्यकांतील एक गोष्ट आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

सन २०२१ मध्यें गोरेगांवच्या नेस्को केंद्रावर किंवा अंधेरी-मुलुंडकडील रुग्णालयांत आपणांपैकीं पुष्कळांनीं पुण्यास तयार झालेली कोविशील्ड लस टोचून घेतली. तिच्यांत रोगबीजाच्या एका प्रथिनाची कृति सांगणारा डी. एन. ए. होता, तो पेशींत नेण्याचें काम वाढण्याची शक्ति काढून घेतलेल्या एका विषाणूकडे होतें. विषाणूवांचून हें काम होईल काय?

अडचण अशी कीं, डी. एन. ए.च्या धाग्यावर दर नॅनोमीटरास सुमारें सहा ऋण विद्युद्भार असतात. पेशीचें आवरण दुपदरी, स्निग्ध, आणि त्याचा पृष्ठभागही बहुधा ऋणच. दोन ऋणको एकमेकांच्या दारीं कशाला जातील? शिवाय पाण्यांत राहणारा हा धागा तेलकट पदरांतून आपण होऊन पार जात नाहीं.

१९८७ सालीं अमेरिकेंत फेल्ग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं धनभारित कृत्रिम स्निग्ध रेणु वापरून डी. एन. ए. पेशींत पोंचविला. पुढें १९९७ सालीं कॅलिफोर्नियांत राडलर, सफीन्या आदि शास्त्रज्ञांना क्ष-किरणांच्या साहाय्यानें दिसलें कीं, अशा मिश्रणांत दोन स्निग्ध पदरांमध्यें हे धागे ओळीनें मांडलेले असतात. येथें केवळ ऋण-धनांचें आकर्षणच नसतें. धाग्याभोंवतीं धन आयन व पटलाभोंवतीं ऋण आयन आश्रितांसारखे जमलेले असतात; धागा आणि पटल जुळले कीं ते पाण्यांत मोकळे होतात. ह्या सुटकेनेंच जुळणीस मोठें बळ मिळतें.

परंतु मिठी फार घट्ट झाली तर निरोप सुटावा कसा? कायमचा धनभार पेशींस अपायकारकही ठरतो. म्हणून नव्या औषधांत बहुधा असे स्निग्ध रेणु घेतात, कीं जे रक्तांत जवळजवळ उदासीन राहतात आणि पेशींतील आम्ल पिशवींत शिरल्यावरच धन होतात. तेव्हां ते त्या पिशवीच्या ऋण पटलाशीं जुळून तिला भेदतात व निरोप मोकळा करितात. २०१८ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें पॅटिसिरान हें एका आनुवंशिक व्याधीवरील औषध अशाच रेणूंच्या आवरणांतून यकृताच्या पेशींत आर. एन. ए. पोंचवितें. डी. एन. ए.प्रमाणें आर. एन. ए.ही ऋणच.

आपल्या पुण्याच्या जेनोव्हा संस्थेच्या आर. एन. ए. लसीस जून २०२२ मध्यें आणीबाणीच्या वापराची अनुज्ञा मिळाली. ती २ ते ८ अंशांत टिकते; म्हणजे साध्या शीतकपाटांत भागतें.

अशा लसीनें आपला वंश बदलेल, अशी धास्ती शिकलेल्या घरांतूनही कानीं येते. ती निराधार आहे. लसींतील आर. एन. ए. पेशीच्या केंद्रांत जात नाहीं. तो बाहेरच वाचला जातो आणि लौकरच विरून जातो. त्या धास्तीपायीं घरांतील वृद्धांस वा अशक्तांस लसीपासून वंचित ठेवूं नये, आणि शंका असेल तर ती शेजाऱ्यास न विचारतां वैद्यास विचारावी, एवढीच आमची विनंती.